माझ्याकडे चालतो

त्या बाईंच्या ईमेलला मुद्रितशोधकांनी उत्तर दिलं नव्हतं. ईमेल साधा होता. वडिलांची नजर अधू झाली आहे. दुसऱ्यानं वाचून दाखवलेलं त्यांना चालत नाही. ऐकता ऐकता डोळा लागतो आणि जागे झाले की चिडतात. तुमचा प्रोग्रॅम एकेक शब्द पडद्याभर मोठा करून दाखवतो असं कळलं. आमचा कॉम्प्युटर जुना आहे, लिनक्सवर चालतो. पण प्रोग्रॅम चालवण्याआधी कंपाइल करावा लागतो, तेव्हा तो मध्येच थांबतो आणि एक हेडर फाइल सापडत नाही म्हणतो. माझं काय चुकतंय?

प्रोग्रॅम त्यांनी निवृत्तीनंतर बायकोसाठी लिहिला होता. तिलाही बारीक अक्षर दिसेनासं झालं होतं. मग कुणालाही घेता यावा म्हणून त्यांनी त्याची झिप फाइल इंटरनेटवर ठेवली. शेकडो लोकांनी ती उतरवून घेतली. एकाचीही तक्रार आली नाही. तेव्हा चूक बाईंचीच असणार, हे उघड होतं. अनोळखी बाईंना ते कसं लिहायचं, हे मात्र उघड नव्हतं.

त्यांनी आपल्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम नव्यानं कंपाइल करून पाहिला. झाला. ‘माझ्याकडे चालतो’ असं लिहिलं. ते उर्मट वाटलं, खोडलं. मग लांबलचक, अदबीचं लिहिलं. ते परीक्षेच्या पेपरासारखं वाटलं. मग आपल्याला यातलं खरंच काही कळतं का, अशी शंका आली आणि त्या शंकेत काही महिने गेले. बायको अधूनमधून विचारायची, त्या बाईंच्या वडिलांचं काय झालं. ते म्हणायचे, मसुदा चालू आहे.

“तो माणूस वाचायचा थांबलाय,” ती एकदा म्हणाली, “आणि तुम्ही अजून स्वल्पविराम हलवताय.”

पुढे दोघं मुलीकडे राहायला गेले. बायको प्रोग्रॅमवर वाचत होती ती कादंबरी अर्ध्यावर आली होती. जावयाचा कॉम्प्युटरही लिनक्सचाच, तेव्हा प्रोग्रॅम तिथेच उतरवून घेऊ म्हणून ते मोकळ्या हातानं गेले होते. जेवणं झाल्यावर त्यांनी झिप फाइल उतरवली आणि कंपाइल करायला घेतलं. मध्येच सगळं थांबलं. हेडर फाइल सापडत नाही. बाईंनी कळवली होती तीच ओळ, अक्षरन् अक्षर.

जावयाच्या कॉम्प्युटरमध्ये काही बिघाड असावा, असं त्यांनी होता होईल तितक्या मऊपणे सुचवलं. जावयानं खुर्ची ओढून घेतली. प्रोग्रॅमचा अक्षरं मोठी करणारा भाग, ही लायब्ररी, कुणाची, त्यानं विचारलं. मुद्रितशोधक म्हणाले, माझीच. तयार मिळत होत्या त्यांत जोडाक्षरं तुटायची. तिच्यात काय काय आहे ते कंपाइलरला सांगणारी हेडर? तीही माझीच. दोन्ही कुठे ठेवल्यात? तर घरच्या कॉम्प्युटरच्या सिस्टीम फोल्डरात. कंपाइलर तिथं आपण होऊनच बघतो. सोय होते.

“आणि झिपमध्ये?”

मुद्रितशोधकांनी झिप उघडली. वरून खाली वाचली. मग खालून वर वाचली, अवघड प्रुफं वाचायचे तशी. हेडर नव्हती. लायब्ररीही नव्हती.

“ही आजची चूक नाही, बाबा,” जावई हळूच म्हणाला. “पहिल्या दिवसापासूनची आहे.”

शेजारी बसलेल्या बायकोनं विचारलं, मग एवढ्या लोकांनी नेला, त्यांचं काय? मुलीनं उगीच पाण्याचा पेला पुढे केला.

सकाळी ते एकटेच बसनं घरी गेले. दोन्ही फायली झिपमध्ये घातल्या, जावयाला फोन केला. त्याच्याकडे प्रोग्रॅम कंपाइल झाला. फोनवर मागून बायकोचा आवाज आला, कादंबरी सुरू झाली म्हणून.

मग त्यांनी बाईंना उत्तर लिहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच, पुन्हा न वाचता, पाठवून दिलं.

‘स. न. चूक तुमची नव्हती. राहिलेल्या दोन फायली आता घातल्या आहेत. हा प्रोग्रॅम शेकडो लोकांनी नेला, पण आजवर तो फक्त माझ्या बायकोनं वापरला आहे. फार उशीर झाला नसेल, तर वडिलांना सांगा, ते दुसरे.’