तीन नंबरची गाडी

सकाळचे अकरा वाजले तरी तीन नंबरचा पत्ता नव्हता.

राईस मिलच्या फाटकाशी ओमेश्वरी ताटकळत उभी होती. तिच्या एक आणि दोन नंबरच्या मेटाडोर कधीच्याच रिकाम्या झाल्या होत्या. हमाल सावलीत तंबाखू मळत बसले होते, आणि थोड्या थोड्या वेळानं कुणीतरी विचारायचं, "बाई, येऊन राहिली का गाडी, का जाऊ आमी घरी?"

"येऊन राहिली ना! बिरसीजवळ टायर बसला."

हेच तिनं आठला सांगितलं होतं, नऊलाही सांगितलं होतं. एक टायर बदलायला तीन तास? सांगताना तिची तिलाच लाज वाटत होती.

तिच्या धंद्यात ड्रायव्हरला गाडीच्या आकड्यानंच ओळखायचे. एक नंबर म्हणजे कवडू, दोन नंबर म्हणजे छोटेलाल. दोघंही सांगितल्या वेळेला हजर. तीन नंबरचं मात्र विचारू नका! त्याचं तर नावही ओमेश्वरी तोंडात घेत नसे.

माणूस वाईट नव्हता हो, हीच तर पंचाईत होती. पीत नव्हता, धानाचा एक दाणा इकडचा तिकडे करत नव्हता. पण दिवाळी सरली आणि गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू झाल्या, की याचे पाय जमिनीवर ठरत नसत. कुठं दंडारीच्या नाच-नाटकाची ढोलकी कानावर पडली, की भरलेली गाडी झाडाखाली लावून हा बहाद्दर पुढच्या रांगेत जाऊन बसलाच. इकडे मिलवर हमाल माशा मारताहेत, याचं त्याला सोयरसुतक नाही.

आता बस्स झालं, असं ओमेश्वरी दरवेळी ठरवायची. तो समोर येऊन हसला की ती गोष्ट पुढच्या खेपेवर ढकलायची. मागच्या साली भोजराज नावाचा ड्रायव्हर, पोरीला ताप आला म्हणून एक दिवस आला नव्हता. दुसऱ्याच दिवशी तिनं त्याच्याकडून चावी काढून घेतली. भोजराज नमस्कार करून निघून गेला. तो नमस्कार तिला अजून टोचायचा.

मिलचा मॅनेजर हिमांशू बाहेर आला. गोंदिया शहरातला तरुण पोरगा, नोकरीवर येऊन महिनाही झाला नव्हता.

"ओमेश्वरीबाई, टायर बना क्या?"

"होऊनच राहिला, साहेब."

हिमांशूनं मोबाईल तिच्यासमोर धरला. "हे आमच्या वॉचमनचं काल रात्रीचं स्टेटस. दवनीवाड्याची मंडई."

फोटोत दंडार रंगात आली होती. मागं आंब्याखाली मेटाडोर उभी, धानाच्या पोत्यांनी भरलेली, दारावर पिवळ्या रंगात मोठा तीनचा आकडा.

ओमेश्वरीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तंबाखू मळणारे हात थांबले. लेकाच्या वयाच्या पोरानं तिला चारचौघांत खोटं बोलताना पकडलं होतं. जमीन फाटावी आणि आपण आत जावं, असं झालं तिला.

"चुकलं माझं, साहेब," ती कशीबशी म्हणाली.

"मेरा आपसे कोई झगडा नहीं. पण मालकांनी साफ सांगितलंय. त्या ड्रायव्हरला आज माझ्यासमोर काढा, नाहीतर उद्यापासून तिन्ही गाड्यांचं काम बंद."

तिन्ही गाड्या म्हणजे कवडूचं घर, छोटेलालचं घर. ओमेश्वरीनं दोघांकडे बघितलं. कवडूनं नजर चुकवली. छोटेलाल जवळ आला आणि हळूच म्हणाला, "बाई, आमी काई म्हणत नाई. पण भोजराजनं तरी काय केलं होतं जी?"

ओमेश्वरी रस्त्याकडे बघू लागली.

तेवढ्यात हॉर्न वाजला. तीन नंबर आली. ड्रायव्हर उडी मारून खाली उतरला, हातात शिंगाड्यांची पिशवी. "घ्या रे, खा! काय दंडार झाली म्हणून सांगू, लोकं उठूनच नाई राहिले!"

एकाही हमालानं हात पुढं केला नाही.

"चावी द्या," ओमेश्वरी म्हणाली.

तो हसला. "माल तं उतरू दे आधी."

"माल कवडूभाऊ उतरवून घेतील. तुमी चावी द्या. आजपासून ही गाडी तुमच्या हाती नाई." तिनं तळहात त्याच्यासमोर धरला. "भोजराजले मी एका दिवसापायी काढलं. तुमाले दोन साल झाकून ठेवलं, लोकांजवळ खोटं बोलली. त्याची लाज मलेच वाटून राहिली, तुमाले काऊन नाई वाटत?"

त्याचं हसू मावळलं. त्यानं कवडूकडे बघितलं, पण कवडू दोरखंड सोडण्यात गुंतला होता. मग त्यानं निमूट चावी दिली आणि फाटकाजवळच्या ओट्यावर खाली मान घालून बसला.

ओमेश्वरीनं ती चावी तशीच छोटेलालच्या हातात ठेवली. "भोजराजले फोन लावा. म्हणावं, बाई चुकली. गाडी तुजी वाट पाहून राहिली."

छोटेलालनं मान डोलावली आणि फोन काढत बाजूला गेला.

"बहुत अच्छा किया," हिमांशू म्हणाला. "एकावर दया करत बसलं की सगळा धंदा बुडतो." मग ओट्यावरच्या माणसाकडे बघून त्यालाच कसंतरी झालं. "बेचारा! आता घरी जाऊन बायकोला काय सांगणार हा?"

हमाल उठून गाडीकडे गेले.

"उठा, घरी चला. मीबी सकाळपासून जेवली नाई," असं म्हणत ओमेश्वरीनं नवऱ्याचा हात धरला.