आईच्या खोलीतला दिवा

मी आर्किटेक्ट. मीच आखलेल्या पर्यावरणपूरक टॉवरमध्ये बाविसाव्या मजल्यावर दोन वर्षांपासून आईसोबत राहतो. पुरस्कार समितीच्या बाई पाहणीला आल्या, तेव्हा मी त्यांना मोठ्या हौसेने स्वतःचंच घर दाखवत होतो.

"खोलीत पाच मिनिटं हालचाल नसली की दिवा आपोआप बंद. एक युनिट वाया जायचं नाव नाही!"

आईच्या खोलीशी आलो. ती खुर्चीत पुस्तक वाचत होती. मान वर न करताच तिने हात उंचावून हलवला. बाईंनीही हसून हात हलवला.

"अगबाई, तुम्हाला नाही हो," आई ओशाळली. "दिव्याला. वाचत बसलं की विझतो मेला. त्याला वाटतं, इथे कुणी राहतच नाही. आता हाताला सवयच लागलीय."

बाई वहीत काहीतरी लिहून निघून गेल्या. माझे कान तापले होते. मी आईवरच उखडलो, "दोन वर्षं हे चाललंय? मग मला एकदाही कसं दिसलं नाही?"

आईने शांतपणे पान उलटलं.

"तुला कसं दिसणार? तो विझायला पाच मिनिटं लागतात. तेवढा वेळ तू बसतोस कुठे?"