कणकेचा रियाज

स्कूटरवरून पडलो आणि माझी अनामिका पेटीवर उठेनाशी झाली. रविवारी जठारपेठेत भजनाच्या साथीला बसायचं होतं. आमचे गुरुजी मोरोपंत म्हणाले, "रोज घट्ट कणीक मळा. बोटात जोर नाही आला, तर पेटीवर तुमच्या जागी माझा दुसरा शिष्य सौमित्र बसेल."

बायकोला, साधनाला, हा उपचार फार पटला. "बोट बरं नाही झालं तरी चालन," ती म्हणाली, "मळत राहा."

एका दुपारी कणीक झाकून फोन घ्यायला गेलो. परत येऊन पाहतो, तर माझ्या बोटांच्या खड्ड्यांशेजारी पाच उंचवटे. आतून दाबल्यासारखे.

"साधना, कणकेले हात लावला का?"

"मी काहून लावू? तुमचा रियाज हाय तो."

मी शिकलेला माणूस. दोष गिरणीवाल्याला दिला आणि पंजा पुन्हा कणकेत रोवला. अनामिका दाबली. आतून कोणीतरी तेवढंच बोट हळूच वर दाबलं. पुन्हा दाबली. पुन्हा तेच. व्यायाम उत्तम होत होता, हे नाकारता येत नाही.

"झालं का? तवा तापला," साधना म्हणाली. "काढा आता हात."

मी अनामिका उचलली. ती सहज उठली, पडण्याआधी उठायची तशी.

बाकीची चार बोटं आतून कोणीतरी धरून ठेवली होती.