उजवीकडचे ठोके

"सगळे गप्प!" शेवकी ओरडला आणि त्याने शिट्टी फुंकली. रस्त्यावरचा जनरेटर थांबला. चहाच्या पातेल्याभोवतीची माणसं होती तिथेच खाली बसली.

आत, ढिगाऱ्यात खणलेल्या भुयारात, ताहिर उस्ता, टोळीचा मुकादम, पालथा पडला होता. त्याने वाकलेल्या पाइपावर हातोडी मारली. तीनदा. मग कान लावला.

उत्तर आलं. ठक. ठक. ठक.

"ऐकलंस?" त्याने मागे सरपटत आलेल्या शेवकीला विचारलं.

"ऐकलं, उस्ता."

अंताक्या शहरातली ही लांबलचक इमारत भूकंपात एकावर एक बसली होती. ताहिर आणि त्याचे सोबती झोंगुल्दाकच्या कोळसा खाणीतले. यंत्र लावलं की ढिगारा आणखी दबतो, म्हणून ते खाणीतल्यासारखे लाकडाचे टेकू देत आत शिरत. खाणवाल्यांच्या कितीतरी बसगाड्या आल्या होत्या; शहरात शिरल्यावर ज्याने हात धरला त्याच्यामागे एकेक टोळी गेली. फोन लागत नव्हते. इमारतीच्या मागच्या गल्लीत जायला वाटच उरली नव्हती.

ताहिरचा हात धरला होता नाझिमकाकांनी. त्यांची मुलगी एल्मास, शाळेतली बाई, आत एकटी होती.

ताहिर बाहेर आला. "काका, झोपायची खोली डावीकडे म्हणालात ना? आवाज उजवीकडून येतोय."

"जिन्याकडे पळाली असेल." म्हातारे उठूनच उभे राहिले. "पाय कधी ठरायचेच नाहीत तिचे. तीच आहे, उस्ता. माझी एल्मासच आहे."

डावीकडच्या खोलीची भिंत जवळ आली होती. ताहिरने दाढीवरची धूळ पुसली. माणसं मोजकी, दोन्हीकडे खणणं शक्य नव्हतं.

"डावीकडचं सोडा," तो म्हणाला. "उजवीकडे वळा."

काम सुरू झालं. पालथं पडून, कोपरांवर. ताहिर खणायचा, शेवकी बादली मागे सरकवायचा. मधूनमधून ताहिर पाइपावर ठोकायचा आणि दर वेळी उत्तर यायचं.

"उस्ता, एक बघितलंत?" शेवकी म्हणाला. "आपण खाणीत करतो तसंच करते ही. ऐकले तेवढेच ठोके परत."

"बाई आहे शाळेतली. अशांना शिकवावं लागत नाही. तुला मात्र टेकू सरळ कसा लावायचा ते अजून शिकवतोय."

"मी शाळेत गेलो असतो तर तुमच्या पायांचा वास घेत इथे कशाला पडलो असतो?"

ताहिर हसला. तेवढ्यात जमीन हलली.

वरून माती कोसळली. मागचा टेकू कडाडला. "बाहेर या, उस्ता!" शेवकी त्याचा पाय धरून ओढू लागला. ताहिरने पाय झटकला. धूळ खाली बसेपर्यंत त्याने तोंड मफलरमध्ये खुपसलं, मग हातोडी चाचपली आणि तीनदा ठोकलं.

काही नाही.

परत ठोकलं. काही नाही. शेवकी 'या अल्ला' पुटपुटत राहिला.

आणि मग पलीकडून, आपणहून, चार ठोके आले.

ताहिरने चार परत दिले. "जिवंत आहे! सांग म्हाताऱ्याला!"

निरोप तोंडोतोंडी बाहेर गेला. नाझिमकाका रस्त्यात गुडघ्यांवर बसले. बायकांनी शेकोटीवर घोंगडी धरून गरम करायला घेतली. रुग्णवाहिकेची दारं उघडली गेली.

आत आता विटांचा एक थर राहिला होता. ताहिरने वीट धरण्याआधीच ती हलली.

"बघ, बघ! पलीकडून तीही उकरतेय. काय चिवट पोर आहे!"

इतक्या अंधारानंतर तिचे डोळे दिपतील म्हणून त्याने टोपीवरचा दिवा विझवला. मग वीट हळूच काढली, मुठीएवढ्या भोकातून हात आत घातला. पलीकडून एका हाताने तो घट्ट पकडला.

बोलायला ताहिरने तोंड उघडलं, तोच भोकातून प्रखर उजेड त्याच्या डोळ्यांवर पडला आणि पलीकडून एक घोगरा, दमलेला पुरुषी आवाज म्हणाला, "घाबरू नकोस, पोरी. झोंगुल्दाकचे खाणवाले आहोत, आलोय आम्ही."