टर्बो की ब्रेक
कॉरीनने बेकरीत राबून साठवलेल्या डॉलरांत तिच्या जुन्या हॅचबॅकला एकच गोष्ट बसणार होती: इंजिनाची ताकद वाढवणारा मोठा टर्बो, नाहीतर चांगले ब्रेक. मित्र डेल खिजवत म्हणाला, “ब्रेक काय, म्हाताऱ्यासुद्धा बदलतात!” तिने टर्बो ठरवला. तेव्हा तिची आई गाडीत येऊन बसली. “आधी मला घाट उतरून दाखव. नेहमीच्या वेगाने.” वळणांमागून वळणं गेली. आईने सीट घट्ट धरली. जळका वास आला आणि ब्रेकचं पेडल कॉरीनच्या पायाखाली मऊ पडलं. “आई, गाडी थांबत नाहीये!” “गियर खाली घे. आता हँडब्रेक, हळूहळू.” दरीच्या कठड्याला आरसा घासून गाडी थांबली. कॉरीन रडत म्हणाली, “ब्रेकच घेते.” आईने तिचे डोळे पुसले. “घे. पण खरं सांगू? ब्रेक जाईपर्यंत मला भारी मजा येत होती.”