निळी पट्टी

शिवराजनं एफ-बारा दाबलं. कानातल्या यंत्रानं सकाळपासूनची रड पुन्हा ऐकवली, ‘नो डेफिनिशन फाउंड.’

शिवराजला दिसत नाही. स्क्रीनवर तो ज्या ओळीवर असेल ती त्याला हा कानातला आवाज वाचून दाखवतो, आणि एफ-बारा ही त्याची काठी. प्रोग्रॅममधल्या कुठल्याही नावावर ते बटण दाबलं, की ते नाव मुळात जिथं लिहिलंय तिथं कोड लिहायचं सॉफ्टवेअर त्याला नेऊन सोडायचं. सोमवारी नवा लॅपटॉप आला आणि ही काठीच मोडली. डोळस माणूस शंभर ओळींवरून नुसती नजर फिरवतो. शिवराजला त्या एकेक करून ऐकाव्या लागतात. तिकडं जालन्यात एका जिनिंगच्या वजनकाट्यावर याच प्रोग्रॅममधल्या चुकीनं रिकाम्या गाडीचं वजन दोनदा वजा होत होतं, आणि कापूस घेऊन आलेले लोक काटेवाल्याच्या अंगावर धावून जात होते.

इंद्रजीत सर मागून आले. चिकलठाण्यातल्या या चार टेबलांच्या कंपनीचे ते मालक. शिवराज स्क्रीनचा उजेड मंदच ठेवायचा, उगीच बॅटरी कशाला जाळा. सरांनी आधी उजेड वाढवला, मग माऊस ओढून घेतला.

“सरक जरा. हे बघ, इथं तर आहे.”

“कुठं सर? कोणत्या फाईलमध्ये?”

“अरे हे काय, इथं!”

तेवढ्यात त्यांनी फाईल वरखाली करून शिवराजची जागाही हरवली. मदतीला आलेल्या माणसाइतका वेळ कुणीच खात नाही.

“जेवणापर्यंत बघू,” सर म्हणाले. “नाय जमलं तर काट्याचं काम कहकशाला देऊ. तू गिऱ्हाइकांचे फोन घे. तुझा आवाज लई भारी आहे.”

शिवराजच्या मस्तकात तिडीक गेली. हा अख्खा प्रोग्रॅम त्यानं ऐकून ऐकून डोक्यात बसवला होता, आणि आता काय, ‘हॅलो’ म्हणत बसायचं?

शेजारच्या टेबलावरची कहकशा उठून आली. तिनंही थेट माऊसच धरला.

“हात काढ!” शिवराज ओरडला. “जो येतो तो हे बघ, ते बघ! बघता आलं असतं तर हे यंत्र कशाला कानात घातलं असतं? स्क्रीनवर काय लिहिलंय तेवढं वाच. वरपासून. एक शब्द सोडायचा नाय.”

“भडकतोस कायको?” कहकशानं खुर्ची ओढली आणि वाचू लागली. “फाईल, एडिट, सिलेक्शन, व्ह्यू. मग खाली तुझा कोड. पहिली ओळ...”

“मधे काहीच नाय?”

“एक निळी पट्टी आहे. ती सोड, ती रोजच असते.”

“रोज म्हंजे?”

“सोमवारपासून. येता-जाता बघते ना मी.”

शिवराजनं कपाळावर हात मारला. “बघतेस! वाचलीस का कधी?”

तिनं आता वाचली. हे फोल्डर मर्यादित मोडमध्ये आहे, काही सोयी बंद ठेवल्या आहेत, असं त्यावर सरळ लिहिलं होतं. कहकशानं पट्टीवर क्लिक केलं. एक चौकट उघडली. सर चहाचा कप घेऊन वाकले.

“अरे हां, ही चौकट लॅपटॉप लावून देताना आली होती. मी ‘नाही’ म्हणून टाकलं. असल्या चौकटींना नाहीच म्हणायचं असतं.”

“काय विचारतीय?” शिवराजनं विचारलं.

“विचारतीय, या फोल्डरमधल्या फायली लिहिणाऱ्यांवर तुमचा भरवसा आहे का?” कहकशानं वाचलं.

“लिहिणारे म्हंजे कोण?”

“आपणच की. मी, सर, तू. हो म्हण ना, लगेच चालू होईल तुझं बटण.”

शिवराजचं बोट एंटरवर गेलं. दाबलं मात्र नाही. सरांचा आवाज आला होता त्या बाजूला त्यानं मान वळवली.

“जेवणापर्यंत बघू,” तो म्हणाला.