मधली रेषा

"डोळे मीट, वृषाली. खोल श्वास घे आणि हळूहळू सोड," समुपदेशक बाई म्हणाल्या.

तिनं श्वास घेतला. सोडताना मात्र तोंडातून "कबड्डी, कबड्डी, कबड्डी" बाहेर पडू लागलं. बाई गोंधळल्या. "नुसता श्वास सोड," म्हणाल्या. पण दम तुटला की बाद, हे तिच्या अंगात मुरलेलं होतं. ती थांबेना. चेहरा लाल झाला, आणि उजवा हात टेबलावर पुढे पुढे सरकत काहीतरी शोधू लागला.

शेजारी बसलेल्या आईला ते कळलं. कॉलेजच्या शेवटच्या सामन्यात चढाईवरून परतताना पोरीचा गुडघा गेला, तेव्हा हाच हात मधल्या रेषेपासून वीतभर अलीकडे पडला होता. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी खेळ कायमचा बंद केला. तेव्हापासून ती धड जेवत नव्हती की कुणाशी बोलत नव्हती.

आईनं टेबलावरची लाकडी पट्टी उचलून त्या बोटांपुढे आडवी ठेवली. बोटं पट्टीला टेकली आणि आवाज थांबला.

"पोचले?" तिनं डोळे न उघडताच विचारलं.

"पोचलीस गं."

"मग मला कुणी खेळायला का बोलवत नाही?"